गेम ‘भारी’ आहे म्हणजे नेमकं काय? मत लिहायला बसणाऱ्यांसाठी

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात एका गेमबद्दल चार ओळी लिहून मला वाचायला दिल्या. ‘ग्राफिक्स मस्त आहेत. स्टोरी भारी आहे. कंट्रोल सोपे आहेत. थोडी लॅग होते. दहापैकी आठ.’ वरचं नाव मी अंगठ्याने झाकलं आणि म्हटलं, आता सांग ही कुठली गेम. त्याने जरा वेळ कागदाकडे बघितलं. "आत्या, कुठलीही असू शकते की."

तेच तर. त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं ते जरा नीट मांडून इथे देते. गेम खेळता येणं वेगळं आणि गेमबद्दल सांगता येणं वेगळं. पहिल्यात मी कच्ची आहे. दुसरं गल्ल्यावर बसून शिकले.

नव्वदच्या दशकात आमच्या काकांचं सोलापुरात कन्ना चौकाच्या आतल्या गल्लीत गेमचं दुकान होतं. नाण्यावर चालणाऱ्या दोन मोठ्या मशिनी, कॅसेटवाले तीन टीव्ही आणि एक पंखा, तोही फक्त गल्ल्याकडे वारा देणारा. शाळा सुटली की मी चिल्लर द्यायला बसायची. मुलींनी खेळू नये असं कुणी म्हटलं नव्हतं, पण गेम खेळायचा रिमोटही कुणी हातात दिला नाही. त्यामुळे गेम मी बघितल्या त्या खेळणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून. आजही कुणी विचारलं तर पहिला सल्ला तोच देते. स्वतः खेळून झालं की एकदा दुसऱ्याला खेळायला बसवा, आणि स्क्रीनकडे न बघता त्याच्याकडे बघा.

दुसरा रुपया कुठे पडतो

दुकानातली सगळ्यात चालणारी गेम म्हणजे मुस्तफा. तिचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीची, १९९३ ची. ते नाव आमच्याकडे कुणी कधी उच्चारलं नाही. चार हिरोंपैकी मुस्तफा सगळ्यात चपळ, धावत जाऊन उडी मारून लाथ घालायचा, आणि सगळ्यांना तोच पाहिजे. "मुस्तफा माझा बे, तू जाडा घे" इथूनच भांडणाला सुरुवात. शेवटी गेमलाच त्याचं नाव पडलं.

आता तिचं बलस्थान सांगायचं तर ‘ॲक्शन जबरदस्त’ असं लिहून काही कळत नाही. मी असं लिहीन: तिघं एकाच वेळी खेळू शकायचे. यंत्रमागाची पाळी सुटली की केसांत सुताचा कोंडा घेऊन तीन कामगार खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. त्यातला एक अगदीच नवखा असला तरी चालायचं. बाकीचे दोघं त्याला ओढून पुढच्या स्टेजला न्यायचे, वाटेत सापडलेलं खाणं त्याच्यासाठी सोडायचे. तीन जणांची गेम आणि तीन जणांना निभावून नेणारी गेम यातला फरक एवढ्यात येतो.

दोष? पहिली स्टेज एका रुपयात कुणीही काढायचा. मग पुढे असे बॉस, म्हणजे वाट अडवणारे दांडगे शत्रू, यायचे की लाइफ गेली तर चूक कुठे झाली हेच कळत नसे. मी गल्ल्यावर मान खाली घालून वहीत हिशोब लिहीत असले तरी मागून हात पुढे यायचा, "अक्का, चिल्लर दे की," आणि मला न बघताही कळायचं कुठला बॉस आलाय. मशीन नाण्यांसाठीच बनवलेलं होतं, ते नाणी मागणारच. काकांना मात्र त्या दोषात काही दोष दिसत नव्हता. दोषामुळे कुणाचा गल्ला भरतो हे लक्षात आलं तर तेही लिहावं.

तर कृती अशी. खेळताना शेजारी कागद ठेवा आणि तीन जागा टिपा: कुठे पुढे सरकून बसलात, कुठे रिमोट खाली ठेवला, आणि कुठे उगाचच मोबाईल बघितला. तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण रागावलेला माणूस अजून गेममध्ये असतो, कंटाळलेला कधीच बाहेर गेलेला असतो. या तीन जागा नीट सांगितल्या की मत निम्मं लिहून झालं.

कशावर, कुठे, किती वाजता

सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार, अशा ३२ स्टेज, आणि सेव्ह करायची सोय नाही. ज्या घरात लाइट जात नाही तिथल्या मुलाला हे कदाचित जाणवणारही नाही. आमच्याकडे सहाव्या वर्ल्डला पोचलेल्या पोराची लाइट गेली की तो काळ्या टीव्हीसमोर तसाच बसून राहायचा, जणू वायरमन त्याच्यासाठीच खांबावर चढलाय. म्हणून दुसऱ्या स्टेजच्या शेवटी छतावरून चालत गेलं की लागणारे ते चोर-पाइप, एकदम चौथ्या वर्ल्डला नेणारे, आमच्या गिऱ्हाइकांना देवासारखे वाटायचे. बाहेरच्या जगात ती गंमत होती, आमच्या गल्लीत ती गरज होती. दोन्ही मतं खरी. पण तुम्ही कुठे बसून खेळलात ते सांगितलं नाही तर वाचणाऱ्याला तुमचं मत लागू पडतं का ते कसं समजणार?

दुसरं उदाहरण क्रिकेट ०७ चं. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेली ही ईए स्पोर्ट्सची शेवटची क्रिकेट गेम. पोरं आजही नवे संघ, नव्या जर्सी घालून ती खेळतात. बॅटिंग एकसुरी आहे, एकच फटका सगळ्या बॉलला चालतो, ही तक्रार मी शंभरदा ऐकली आहे, स्वतः केलीही आहे. पण त्या गेमची नवलाई होती जॉयस्टिकच्या दांड्यावरून फटका मारणं, ‘सेंच्युरी स्टिक’ नावाची. आपल्यातल्या बहुतेकांनी ती सायबर कॅफेत किंवा घरी, कीबोर्डची बटणं बडवत खेळली. म्हणजे आपण अर्ध्या गेमबद्दल पूर्ण मत देत होतो. भावाच्या जुन्या जॉयस्टिकवर मी ती खेळून बघितली तेव्हा फटक्यावर जरा ताबा येतो हे कळलं. फिल्डर मात्र तिथेही तेवढेच ढिम्म! आणि मार्क निकोलस व रिची बेनो यांची कॉमेंट्री बॅट कशीही चालवली तरी गोडच लागते.

कोन्ट्रा या बंदुकीच्या गेममध्ये वर-वर-खाली-खाली अशी चोर-बटणं दाबून ३० लाइफ घेतल्या असतील तर तेही लिहा. लाज कसली, सगळ्यांनीच घेतल्या. पण तीन लाइफवाल्याची कोन्ट्रा आणि तुमची कोन्ट्रा एक नाही.

बोली काय झाली होती

आता खरा मुद्दा. दोष कशाला म्हणायचं?

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानातलं, मालदांडी ज्वारीचं. स्टारड्यू व्हॅली ही शेतीची गेम मी पहिल्यांदा खेळले तेव्हा मामा शेजारी बसले होते. २०१६ ची ही गेम एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवली, चित्रं, संगीत, सगळं. मामांना ते कौतुक नव्हतं. चार दिवसांत कंद तयार होतो म्हटल्यावर ते हसले. सबंध ऋतू २८ दिवसांचा. विकायला नेलं की भाव ठरलेला, कितीही माल आणा, पडत नाही. "सोलापूरच्या मार्केटला कांदा घेऊन ये म्हणावं त्याला एकदा," मामा म्हणाले. मीही हौसेने वहीत लिहिलं: दोष, शेती खोटी आहे.

आठवड्याने ती ओळ खोडली. त्या गेमने खरी शेती दाखवते असं कबूलच केलं नव्हतं. सुरुवातीलाच ती सांगते, शहरात ऑफिसच्या टेबलाशी पिचलेला माणूस आजोबांच्या रानात येतो. बोली झाली होती विसाव्याची. ती ती पाळते का? बऱ्यापैकी पाळते. एक दिवस जेमतेम १४ मिनिटांचा आहे. कॉम्प्युटरवर खेळताना गेममधला माणूस झोपल्यावरच सेव्ह होतं, तेव्हा लाइट गेली तरी नुकसान तेवढंच. पण दुसऱ्या वर्षापासून रोजचं पाणी, जनावरं, मशिनीतला माल काढणं, गावातल्यांचे वाढदिवस अशी कामांची इतकी रांग लागते की रात्री दोनच्या आत घरी पोचायची धावपळ होते, आणि मला चादरीच्या कारखान्यातून सुटून पुन्हा कारखान्यात आल्यासारखं वाटतं. विसावा कबूल करून ओव्हरटाइम दिला. याला मी दोष म्हणेन. भाव पडत नाही याला नाही.

गेमने काय बोली केली होती ते आधी एका वाक्यात लिहा, आणि मग ती कुठे पाळली, कुठे मोडली ते बघा. तुम्हाला आवडलं नाही म्हणजे दोष आहे, असं होत नाही.

एल्डन रिंग (२०२२) घ्या. भावाच्या सेकंडहँड पीएस फोरवर, म्हणजे सोनीच्या गेमच्या मशीनवर, मी खेळले. किल्ल्याच्या वाटेवरचा मार्गिट नावाचा बॉस मला ओलांडता येईना. अठ्ठावीस वेळा मेले, मग मोजणं सोडलं. गेम अवघड आहे हा दोष नाही, ती बोलीतच आहे. मला जमलं नाही हे मात्र लिहायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई सगळं खेळून बोलतेय. त्यातला खरा गुण मला हरल्यावर सापडला: पाठ फिरवून दक्षिणेला निघून जा, तिथे अख्खा मुलूख मोकळा आहे, तयार होऊन परत या. आणि खरा दोष त्याच्याच शेजारी आहे. वाट दाखवणारी सोनेरी रेघ नवख्याला सरळ त्या मार्गिटच्या तोंडी नेते, आणि भेटलेली माणसं जे सांगतात ते टिपून ठेवायला साधी वहीही गेम देत नाही. मी माझी वही ठेवली. ज्याला दिवसाला एकच तास मिळतो तो विसरणार कसं नाही?

फुकटच्या गेमचा हिशोब

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, त्या मी धरत नाही. फुकट म्हणवणाऱ्या गेम्सबद्दल लिहिताना एवढंच करा: ती पहिल्यांदा पैसे कधी मागते, आणि त्या क्षणी तुमची अवस्था काय असते, हे घड्याळ लावून टिपा. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ, प्रत्येक लाइफ परत यायला ३० मिनिटं. माझा भाचा म्हणतो, ही लूट आहे. माझी वहिनी म्हणते, ही सोय आहे. पाच लाइफ संपल्या की ती फोन पालथा घालते आणि कुकर लावते. ती दहा वर्षं खेळतेय आणि तिने एक पैसा दिलेला नाही. मला दोघांचंही पटतं. अडकलेल्या स्टेजवर, दोनच कँड्या उरलेल्या असताना, ‘अजून पाच चाली घ्या’ असं जे येतं ते मात्र मुस्तफाच्या बॉसचंच सख्खं भावंड आहे. काका निदान तोंडाने तरी मागायचे.

भाच्याची आवडती बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार. तिच्याबद्दल मुलं एकतर देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं लिहितात किंवा तिच्या नावाने शिव्या घालतात. मी शेजारी बसून बघते तेव्हा मला त्यात एकच गोष्ट दिसते, ते आकसत जाणारं वर्तुळ. शंभर जण मोठ्या मुलखात सोडायचे आणि वर्तुळ लहान करत करत सगळ्यांना समोरासमोर आणायचं. शेवटची पाच मिनिटं पोरगं श्वास घेत नाही ते त्यामुळे. आणि पंधरा मिनिटं घराघरांतून सामान गोळा करून, एका न दिसलेल्या माणसाच्या गोळीने क्षणात मरायचं, ही चिडचिडही त्याच वर्तुळामुळे. गुण आणि दोष एकाच मुळाचे निघाले की समजा तुम्हाला गेम कळली.

तक्रार लिहिण्याआधी तपासा

व्हाइस सिटी (२००२, कॉम्प्युटरवर २००३) मधलं खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन आठवत नाही असा माझ्या वयाचा माणूस नसेल. बांधकाम चाललेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे, आणि वर घड्याळ. ‘वेळच पुरत नाही’ ही जगाची तक्रार. पण घड्याळ सुरू होतं पहिला बॉम्ब उचलल्यावर! त्याआधी आरामात आत फिरून रखवालदार आणि कामगार उडवून वाट मोकळी करता येते. हे कळल्यावर निम्मी तक्रार गळून पडते. उरते ती खरी: हेलिकॉप्टर सांभाळायला कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातली आकड्यांची बटणं लागायची, आणि कॅफेतल्या कीबोर्डवर नेमकी तीच झिजलेली असायची. आणखी एक उरतं, मिशनच्या मध्ये सेव्ह नाही. मेलात तर हॉस्पिटलच्या दारात, हातातली सगळी हत्यारं गेलेली. एवढं तपासून लिहिलेली तक्रार कुणाला खोडता येत नाही. तीच गेम मी तिच्यातल्या रेडिओवरच्या गाण्यांसाठी, रात्री समुद्राच्या कडेने नुसती मोटरसायकल पळवायला लावायची, मिशन न करता. तेही लिहायची सोय ठेवा. गेमने न सांगितलेलं तुम्ही काय केलंत, यातून तिचं मोठेपण कळतं.

‘ग्राफिक्स मस्त’

हे दोन शब्द मी भाच्याला बंदच केले. मी आता चादरीच्या कारखान्यात डिझाइनला आहे. पूर्वी जेकार्डच्या नक्षीसाठी आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचो, उभी ओळ ताण्याची, आडवी बाण्याची. आता तेच कॉम्प्युटरवर करतो. मोराची मान गोल दिसते, पण जवळून बघा, सगळ्या पायऱ्या आहेत. मारिओही असाच पायऱ्यांचा. अख्खी गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायची म्हणून त्यांनी ढगाचंच चित्र हिरवं करून झुडूप म्हणून खाली ठेवलं. हे कळलं त्या दिवशी मी एकटीच हसले, कारण तेच आम्ही चादरीत करतो. एकच बुट्टा, काठाला एका रंगात, मध्ये दुसऱ्या.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. दिसायला कशी आहे, आणि बघून कळतं का? मारिओच्या पहिल्या स्टेजला समोरून भुवया वाकड्या केलेला जीव चालत येतो. कुणी काही सांगत नाही, तरी अक्षरओळख नसलेलं पोरही उडी मारतं. हे ‘बघून कळणं’. नवीन गेम्समध्ये गवताचं पातंनपातं हलतं आणि चढायचा कडा कुठला, नुसता शोभेचा कुठला, हे कळेना म्हणून कड्यावर पिवळा रंग फासावा लागतो. सुंदर आहे, मान्य. पण रंग फासलाय हेही लिहा.

आपल्याकडची गेम असली की हात थरथरतो, हे मी स्वतःवरून सांगते. राजी ही पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची, २०२० ची. हरवलेल्या भावाला शोधणारी बहीण, राजस्थानी धाटणीचे महाल, मध्ये मध्ये सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट. मी ती बघताना कितीदा तरी नुसती थांबून भिंतीवरची चित्रं बघत बसले. पण लढाया त्याच त्या होतात, दूरच्या कॅमेऱ्यात राजी मुंगीएवढी दिसते, आणि गोष्ट ऐन रंगात आल्यावर तुटते. हे लिहू की नको असं वाटलं. मग वाटलं, जेकार्डचा धागा चुकला तर मी आमच्याच कारखान्याची चादर बाजूला काढते, कारण गिऱ्हाईक ती आमच्याच नावाने ओळखणार असतं.

तारीख घाला

हे थोडक्यात. गेम आता चादरीसारखी एकदा विणून संपत नाही. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आली तेव्हा इतकी मोडकी होती की आठवड्याभरात सोनीने ती आपल्या ऑनलाइन दुकानातून काढली. २०२३ च्या मोठ्या बदलानंतरची गेम वेगळीच आहे. पबजी मोबाईल सप्टेंबर २०२० मध्ये बंद, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय, पुढच्या जुलैत ती गायब, मे २०२३ मध्ये परत. तारखेशिवायचं मत शिळं की ताजं कळत नाही. मार्क द्यायचेच असतील तर शेवटी द्या आणि त्यांच्यासाठी एक कारण द्या. मी देत नाही. आणि गोष्टीचा शेवट फोडू नका, एवढी माणुसकी ठेवा.

भाच्याने परवा पुन्हा लिहून आणलं. ‘दुपारी दोन वाजता वरच्या खोलीत पत्र्याखाली खेळलो. बारा जण उरले होते. फोन हातात धरवेना एवढा तापला, चित्र अडखळलं आणि मी मेलो. मला मारणारा दिसलाच नाही. रात्री गच्चीवर त्याच फोनवर तीन डाव नीट झाले. म्हणून लॅग निम्मी गेमची आणि निम्मी पत्र्याची.’ नाव झाकायची गरज पडली नाही. कागदाच्या खाली पेन्सिलने बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: ‘आत्या, चार्जर लावून खेळत होतो. ते लिहायलाच पाहिजे का?’

लिही, म्हटलं.